आकडा आहे, नाव नाही

गेल्या वैशाखात आमच्या एका जुन्या शाळासोबत्याच्या मुलीचे लग्न होते, त्यानिमित्त सातारा जिल्ह्यातील एका गावी आम्हांस जावे लागले. मांडव चावडीपुढील मोकळ्या जागेत घातला होता, आणि त्याची एक दोरी चावडीच्या भिंतीतील खिळ्याला बांधलेली होती. त्या खिळ्याच्या जरा खाली भिंतीत एक पांढरी संगमरवरी फरशी बसविलेली आम्हांस दिसली. वर्षानुवर्षे चुन्याचे हात बसून तिच्यावरील अक्षरे बुजत आली होती. जेवणावळीला अवकाश होता म्हणून आम्ही चष्मा पुसून ती वाचू लागलो. मजकूर इंग्रजीत होता व तो अवघा तीन ओळींचा. या गावातून इतके पुरुष १९१४ ते १९१९ च्या महायुद्धावर गेले, त्यांपैकी इतक्यांनी आपले प्राण दिले, एवढाच त्याचा अर्थ. पहिला आकडा स्पष्ट होता. दुसऱ्या आकड्यात चुना भरला होता.

आमच्या मागे पंच्याऐंशीच्या घरातील एक वृद्ध गृहस्थ काठी टेकून उभे होते. गावात त्यांना सारे आबा म्हणत. ते म्हणाले, “पावनं, त्यो लढाईचा दगड हाय. मेलेल्यातला एक आमचा.”

“आबा, तुमचे कोण?” आम्ही विचारले.

“माझ्या बापाचं थोरलं चुलतं.”

“त्यांचे नाव काय होते?”

आबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “घरात समदी त्यास्नी पलटणीतलं आण्णाच म्हनायची. नाव काय हुतं त्ये आता कोन सांगनार?”

तेवढ्यात पंगत बसल्याची हाक आली आणि बोलणे तेथेच राहिले. परंतु परत येताना एसटीच्या गाडीत आम्हांस त्या फरशीवाचून दुसरे काही सुचेना. गेलेल्यांचा आकडा आहे, मेलेल्यांचाही आकडा आहे आणि नाव मात्र एकाचेही नाही!

अशा फरशा आपल्या इकडे एकदोन नाहीत. पहिले महायुद्ध संपल्यावर ज्या गावांनी पलटणीत बरीच माणसे दिली त्या गावांत सरकारने त्या बसविल्या. सातारा जिल्ह्यात व कोकणात त्या आढळतात. पंजाबात आहेत, दक्षिणेकडे मद्रास इलाख्यातही बसविल्या गेल्या. कोठे चावडीवर, कोठे शाळेच्या भिंतीत, कोठे वेशीत. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाची कीर्ती तर एवढी की, त्याच्या नावापुढे ‘मिलिटरी’ हा शब्द कायमचा जोडला गेला आहे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान कामी आले असे सांगतात. ४६ म्हणजे किती हे कळण्यासाठी आपल्या गावच्या चर्चमध्ये रविवारी पुरुषांच्या बाजूला किती बाके भरतात ते आठवून पाहावे.

ही माणसे गेली कोठे? मराठ्यांच्या पलटणींपैकी पुष्कळशा मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात गेल्या. पुण्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सहाव्या डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी होत्या. जनरल टाउनशेंड यांच्या हाताखाली त्या तैग्रीस नदीच्या काठाकाठाने बगदादच्या रोखाने चढत गेल्या, तेथून मागे रेटल्या गेल्या आणि कुत अल अमारा या गावात तुर्कांच्या वेढ्यात सापडल्या. ७ डिसेंबर १९१५ रोजी पडलेला तो वेढा २९ एप्रिल १९१६ पर्यंत चालला. दाणागोटा संपला, तेव्हा घोडे व खेचरे मारून खाण्याची वेळ आली. ज्यांना ते मांस वर्ज्य होते त्यांचे हाल तर विचारूच नयेत. शेवटी सुमारे तेरा हजार माणसे शरण गेली, आणि त्यानंतरच्या बंदिवासात वाळवंटातील वाटचालीने, उपासमारीने व रोगाने हजारो मेली. त्यांच्या कबरी कोण बांधणार आणि त्यांवर नावे कोण कोरणार?

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. १९१७ च्या मे महिन्यात सर फेबियन वेअर यांच्या खटपटीने लंडनमध्ये युद्धातील कबरींची व्यवस्था पाहणारे एक मंडळ स्थापन झाले. त्याचे मूळ तत्त्व मोठे उदात्त होते. अधिकारी असो वा शिपाई, श्रीमंत असो वा गरीब, मेलेल्या प्रत्येकाचे नाव दगडावर कोरले जावे आणि सर्वांच्या कबरीचा दगड सारखाच असावा, असे ते तत्त्व. फ्रान्सच्या भूमीवर हिंदी सैनिकांच्या बाबतीतही ते बऱ्याच अंशी पाळले गेले. १९२७ साली नव्ह-शापेल येथे उभारलेल्या स्मारकावर, ज्यांची कबर ठाऊक नाही अशा ४,७०० हून अधिक हिंदी सैनिकांची नावे आहेत. परंतु १९२९ साली बसरा येथे जे स्मारक उघडण्यात आले त्यावर निराळाच प्रकार झाला. गोऱ्या सैनिकांची नावे कोरली, हिंदी अधिकाऱ्यांची कोरली, आणि साध्या हिंदी शिपायांच्या बाबतीत पलटणीच्या नावाखाली ‘आणि इतर इतके हिंदी सैनिक’ असा आकडा टाकून काम उरकले. आबांच्या गावची फरशी आणि बसऱ्याचे ते भव्य स्मारक यांची भाषा अशी एकच आहे.

ही गोष्ट कोणा रागावलेल्या देशभक्ताने रचलेली नव्हे. त्याच मंडळाने नेमलेल्या समितीने एप्रिल २०२१ मध्ये आपला अहवाल प्रसिद्ध केला आणि ती कबूल केली. पहिल्या महायुद्धातील किमान १,१६,००० मृतांची, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत मृतांची, नावे कोठेच नोंदली गेली नाहीत अथवा त्यांचे स्मरणच केले गेले नाही, असे त्या अहवालात म्हटले आहे. हे मृत बहुतेक आफ्रिकेतील, मध्यपूर्वेतील व हिंदुस्थानातील. ब्रिटनच्या संरक्षणमंत्र्यांनी पार्लमेंटात उभे राहून त्याबद्दल क्षमा मागितली. शंभर वर्षांनी मागितलेली क्षमा स्वीकारण्यास त्या शिपायांच्या विधवा काही उरल्या नव्हत्या. तरीही ती मागितली गेली हे बरे झाले असे आम्हांस वाटते.

युरोपातील खेड्यांत मात्र रीत निराळी आहे. फ्रान्समध्ये पहिल्या महायुद्धात तेरा लाखांहून अधिक माणसे मेली, आणि त्यानंतर चारपाच वर्षांत बहुतेक प्रत्येक गावाने आपापला स्तंभ उभारला. नगरसभेच्या कचेरीपुढे किंवा चर्चच्या दारात तो उभा असतो आणि त्यावर गावच्या मृतांची नावे ओळीने कोरलेली असतात. एकाच आडनावाची तीनचार नावे एकाखाली एक आली की, ते भाऊ होते की चुलतभाऊ हे विचारण्याचे धैर्य वाचणाऱ्याला होत नाही. नॉर्मंडीत थिएरव्हिल नावाचे एक लहानसे खेडे आहे. १८७० च्या आणि दोन्ही महायुद्धांत तेथील एकही माणूस मेला नाही, आणि केवळ एवढ्यासाठी ते साऱ्या देशात प्रसिद्ध झाले, यावरून इतर गावांची स्थिती ध्यानी यावी. इटलीत १९२२–२३ च्या सुमारास एक सुंदर प्रथा निघाली. गावच्या प्रत्येक मृतामागे एक झाड लावायचे आणि अशा झाडांची बाग करायची. त्यांपैकी कित्येक बागांतील झाडे आजही उभी आहेत.

इटलीचे नाव निघाले म्हणून आता तेथील एका गावची हकीकत सांगतो. खरे म्हणजे हा लेख लिहावयास आम्ही बसलो तो तिच्याचसाठी.

मध्य इटलीत उंब्रिया नावाचा डोंगराळ प्रांत आहे. संत फ्रान्सिसचे असिसी याच प्रांतातले. त्याच्या उत्तरेस, तायबर नदीच्या खोऱ्यावर नजर ठेवून एका टेकडीच्या माथ्यावर मोन्तोने नावाचे तटबंदीचे छोटे गाव वसले आहे. पंधराव्या शतकातील ब्राच्चो फोर्तेब्राच्चो या सेनापतीचे हे गाव. त्याच्याच घराण्यातील पुरुषाने आणून दिलेला, प्रभू येशूच्या काटेरी मुकुटातील म्हणून मानला जाणारा एक काटा तेथे शेकडो वर्षे भक्तिभावाने जपला आहे आणि त्याचा उत्सव दरसाल थाटाने होतो. अशा या गावी जुलै २०२३ मध्ये एका स्मारकाचे अनावरण झाले. भारताच्या राजदूत त्या समारंभास हजर होत्या. स्मारक कोणा इटालियन वीराचे नव्हते. ते कोकणातल्या माणगाव तालुक्यातील एका शेतकऱ्याच्या मुलाचे, नाईक यशवंत घाडगे यांचे होते.

यशवंत घाडगे यांचा जन्म १९२१ सालचा. गाव पळसगाव, त्या वेळच्या कुलाबा आणि आताच्या रायगड जिल्ह्यातील. ते पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये होते. वाचकांस आठवत असेल की, कुतच्या वेढ्यात ज्या तीन मराठा पलटणी अडकल्या त्यांत ११० क्रमांकाची एक होती. १९२२ साली सैन्याची पुनर्रचना झाली तेव्हा तीच पलटण ही तिसरी बटालियन बनली. तेव्हापासून मराठा पलटणींचे मुख्य ठाणे आपल्या बेळगावात आहे. किल्ल्याच्या बाजूने जाताना कवाइतीच्या आरोळ्या ज्यांच्या कानी पडल्या आहेत अशा आमच्या वाचकांना हे नव्याने सांगावयास नको.

१९४४ च्या उन्हाळ्यात रोम पडल्यावर जर्मन सैन्य उत्तरेकडे पाय मागे घेत होते, परंतु प्रत्येक टेकडीवर थांबून लढत होते. दहावी हिंदी डिव्हिजन तायबरच्या वरच्या खोऱ्यातून त्यांच्या मागावर होती. १० जुलै रोजी घाडगे यांच्या कंपनीने शत्रूच्या एका मजबूत ठाण्यावर चाल केली. घाडगे यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला, आणि क्षणार्धात ते एकटे सोडून तुकडीतील सारेजण मेले किंवा जखमी होऊन पडले. घाडगे थांबले नाहीत. त्यांनी एकट्याने त्या मशीनगनवर धाव घेतली, हातबाँब फेकून ती व ती चालविणारा यांना निकामी केले, आणखी एकाला गोळी घातली. बंदुकीतील गोळ्या संपल्या, नव्या भरण्यास उसंत नव्हती, तेव्हा बंदूक नळीकडून धरून तिच्या दस्त्याने उरलेल्या दोघांना लोळविले. एवढ्यात दडून बसलेल्या शत्रूच्या नेमबाजांनी त्यांना छातीत व पाठीत गोळ्या मारल्या. एकट्याने जिंकलेल्या त्या मोर्च्यातच त्यांनी प्राण सोडला. वय बावीस वर्षांचे.

त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. दिल्लीत व्हाइसरॉय लॉर्ड वेव्हेल यांच्या हातून तो घेण्यास त्यांची तरुण विधवा पत्नी गेली. माणगावला तहसील कचेरीपाशी घाडगे यांचा पुतळा आहे. त्यांच्या देहाचा मात्र पत्ता लागला नाही. म्हणून त्यांचे नाव मोन्ते कास्सिनोच्या पायथ्याशी, संत बेनेडिक्टच्या मठाच्या डोंगराखाली जी विस्तीर्ण युद्धदफनभूमी आहे तेथील स्मारकावर, कबर नसलेल्या चार हजारांहून अधिक सैनिकांच्या नावांत कोरलेले आहे. इटलीच्या त्या मोहिमेत सुमारे पन्नास हजार हिंदी सैनिक लढले व ५,७८२ मेले. तेथे एकंदर वीस व्हिक्टोरिया क्रॉस दिले गेले, त्यांपैकी सहा हिंदी सैन्यातील वीरांना. त्या सहांत मराठा पलटणीचे दोन. दुसरे नामदेव जाधव, त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यातील निमज गावचे. एप्रिल १९४५ मध्ये सेनिओ नदीवर जखमी सोबत्यांना पाठीवर घेऊन त्यांनी नदीपार पोहोचविले. ते जिवंत परतले.

हे सर्व वाचताना एक विचार आम्हांस टोचत राहिला, तो झाकून ठेवावा असे वाटत नाही. त्या मशीनगनमागे जे चारजण होते तेही कोणत्या तरी गावचेच होते. जर्मनीतील खेड्यांतही, विशेषतः बव्हेरियासारख्या कॅथलिक मुलखात, चर्चच्या भिंतीवर वा दफनभूमीच्या दाराशी असेच दगड आहेत व त्यांवर अशीच नावे आहेत. एका दुष्ट राजवटीने त्यांना त्या टेकडीवर आणून बसविले होते आणि तिचा पाडाव होणे अवश्य होते, यात आम्हांस तिळमात्र संशय नाही. तरीपण पळसगावच्या आईने जो आकांत केला तोच तिकडच्याही चार घरांत झाला असेल. शौर्याची कथा सांगणारे हे अंग बहुधा सोडून देतात.

मोन्तोनेच्या लोकांनी ते सोडले नाही असे त्यांच्या स्मारकावरून दिसते. त्यांनी पुतळा उभारला नाही, तोफही मांडली नाही. त्यांनी उन्हाचे घड्याळ बांधले. सूर्य सरकतो तशी त्याच्या काट्याची सावली सरकते आणि वेळ दाखविते. यंत्र नाही, किल्ली देणे नाही. आकाश निरभ्र असले म्हणजे झाले. त्यावर लॅटिन भाषेत एक वाक्य आहे. आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो, असा त्याचा भावार्थ. प्रभूचे डोंगरावरील प्रवचन ज्यांना पाठ आहे त्यांना, भल्यांवर व बुऱ्यांवर सारखाच सूर्य उगविणारा स्वर्गीय पिता तेथे आठवल्याखेरीज राहणार नाही. स्मारक घाडगे यांच्या नावाने आहे, परंतु ते इटलीत लढलेल्या सर्व हिंदी सैनिकांना वाहिलेले आहे. ज्या गावाला घाडगे यांची भाषा ठाऊक नव्हती, ज्याने त्यांच्या गावचे नाव कधी ऐकले नव्हते, त्या गावाने एकोणऐंशी वर्षांनी त्यांचे नाव दगडावर घातले.

आणि आपण? रणांगणावर गेलेल्यांची एवढी तरी आठवण राहते. परंतु आपल्या गोव्याकडील कित्येक घरांतील माणसे दर्यावर गेली, त्यांचे काय? बोटींवर स्वयंपाकी, बटलर व स्ट्युअर्ड म्हणून गोवेकर ख्रिस्ती लोक मोठ्या संख्येने नोकरीस असत. गावचे ‘तारवटी’ मुंबईत धोबीतलावच्या बाजूला आपल्या गावच्या कुडीत उतरत, तेथील वेदीपुढे तेर्स म्हणत आणि बोट मिळाली की निघून जात. दोन्ही महायुद्धांत पाणबुड्यांनी बोटी बुडविल्या तेव्हा गोऱ्या कप्तानाबरोबर भटारखान्यातील माणसेही बुडाली. मुंबईत मशीद बंदराजवळ खलाशांचे वसतिगृह आहे. ज्यांना समुद्रावाचून दुसरी कबर नाही अशा, पहिल्या महायुद्धातील दोन हजारांहून अधिक दर्यावर्दी लोकांचे स्मारक तेथे आहे. दुसऱ्या महायुद्धात असे बुडालेले सहा हजारांच्या वर, आणि त्यांची नावे ग्रंथांत लिहून ठेवली आहेत. मुंबईस नेहमी जाणाऱ्या आमच्या वाचकांपैकी किती जणांनी ते स्मारक पाहिले आहे? आम्ही स्वतः कित्येक वर्षे त्या रस्त्याने गेलो व आलो, पण आत डोकावलो नाही, हे येथे कबूल करतो.

मृतांसाठी प्रार्थना करणाऱ्या आपल्या समाजाला तर या विषयाचे एक निराळे नाते आहे. नोव्हेंबरच्या दोन तारखेस, सर्व मृतांच्या दिवशी, प्रत्येक धर्मगुरूला तीन मिस्सा अर्पण करता येतात हे आपण लहानपणापासून पाहत आलो. ही सवलत मूळची सर्वांची नव्हे. १७४८ साली पोप बेनेडिक्ट चौदावे यांनी ती स्पेन व पोर्तुगाल आणि त्यांच्या ताब्यातील मुलखांना दिली होती, म्हणून गोव्यात ती तेव्हापासून आहे. बाकीच्या जगाला ती मिळाली १० ऑगस्ट १९१५ रोजी, पोप बेनेडिक्ट पंधरावे यांच्या आज्ञेने. महायुद्ध पेटून वर्ष झाले होते, तरुणांच्या प्रेतांच्या राशी पडत होत्या, आणि त्यांच्यासाठी मिस्सा सांगण्यास धर्मगुरू पुरत नव्हते. म्हणजे दरसाल त्या सकाळी आपल्या गावच्या वेदीवर जी दुसरी व तिसरी मिस्सा होते तिच्यात त्या महायुद्धाच्या मृतांची छाया आहे. गावच्या दफनभूमीत मेणबत्ती लावताना, ज्याची कबर तेथे नाही अशा घरच्या माणसाचेही नाव घेण्याची रीत काही कुटुंबांत आहे. पुष्कळ कुटुंबांत ती नाही, कारण नावच कोणाला ठाऊक नाही.

नाव शोधावयाचे तर कोठे? आमच्या अनुभवाने सांगतो, आधी घरातच शोधावे. पहिल्या महायुद्धातील सैनिकांना जी पदके मिळाली त्यांच्या कडेवर प्रत्येकाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण बारीक इंग्रजी अक्षरांत ठोकलेली असते. पदकाच्या दर्शनी बाजूवर राजाचे मुंडके किंवा पंखांची आकृती असते म्हणून लोक तेवढेच पाहतात व कड पाहत नाहीत. मेलेल्यांच्या घरी पुढे काशाची एक मोठी गोल थाळीही पाठविण्यात आली. अशा तेरा लाखांहून अधिक थाळ्या साम्राज्यभर वाटल्या गेल्या. त्या प्रत्येकीवर मृताचे नाव असते, हुद्दा मात्र नसतो. मरणात सारे सारखे म्हणून. कोणाच्या घरी अशी थाळी पिंपावर झाकण म्हणून पडली असेल तर ती उलटून पाहावी. नाव एकदा कळले म्हणजे पुढचा शोध सोपा आहे. युद्धातील कबरींच्या त्या मंडळाची यादी आता संगणकावर कोणालाही पाहता येते, आणि घरातील शाळकरी मुलगा ती दहा मिनिटांत उघडून देतो. बसऱ्याच्या दगडावर ज्यांची नावे नव्हती त्यांची नावेही जुन्या नोंदवह्यांतून काढून त्या यादीत घालण्याचे काम होत आहे. बसऱ्याच्या त्या स्मारकाचीच पुढे गंमत झाली, ती सांगावयाची राहिली. १९९७ साली सद्दाम हुसेनच्या हुकुमाने ते सारे मूळ जागेवरून उचलून वाळवंटात दूर नेऊन पुन्हा मांडण्यात आले! मेलेल्या शिपायांची बदली झालेली आम्ही हीच ऐकली.

आता आबांकडे वळतो. लग्नानंतर दोनएक महिन्यांनी आमच्या मित्राकडे जाण्याचा पुन्हा योग आला, आणि या वेळी आम्ही मुद्दाम आबांच्या घरी गेलो. पदकाची गोष्ट काढताच ते म्हणाले, “दोन हुती. चांदीचं हुतं त्ये भात्तरच्या दुष्काळात सोनाराच्या घरी गेलं. पोरं उपाशी हुती, काय करनार? दुसऱ्याचं सोनार काय दीना, म्हनून ऱ्हायलं.” आणि ते उठून आतल्या खोलीत गेले. आम्हांस वाटले, ट्रंक उघडतील. त्यांनी देव्हाऱ्यातून ते काढून आणले. पंख पसरलेली, हात उभारलेली एक स्त्री त्यावर आहे, ती विजयदेवता होय. घरच्यांनी तिला कोणी देवी समजून तीन पिढ्या हळदकुंकू वाहिले होते. आम्ही प्रथम पाहिले तेव्हा, खरे सांगावयाचे तर, आम्हांस ती देवदूत वाटली.

हळदीच्या पुटाखाली कड पार भरून गेली होती. आबांच्या सूनबाईंनी चिंचेचा कोळ आणला. अंगठ्याने चोळता चोळता कडेची तांबूस धातू उघडी पडली आणि एकेक अक्षर दिसू लागले. दहावीत शिकणारी नात पदक उंबऱ्यापाशी उजेडात नेऊन वाचू लागली. आधी क्रमांक, मग शिपाई हा हुद्दा, मग नाव. इंग्रज कारकुनाने कानाला आले तसे ते लिहिले होते, त्यामुळे पहिल्या खेपेला ते कोणाचेच वाटेना. मुलीने दोनदा वाचले, तिसऱ्यांदा तोडून तोडून वाचले. तेव्हा आबा एकदम म्हणाले, “आगं, ह्ये तर माझंच नाव!”

त्यांच्या वडिलांनी आपल्या मेलेल्या चुलत्याचे नाव मुलाला ठेवले होते, आणि का ठेवले ते सांगावयाचे राहून गेले होते. नातीने ते वहीच्या मागच्या पानावर उतरवून घेतले. आबांनी पदक तिच्या हातून परत घेतले, आणि पुसून, पुन्हा देव्हाऱ्यात ठेवावे की भिंतीवर टांगावे, याचा विचार करीत ते बराच वेळ उंबऱ्यावर बसून राहिले.